दोन घरे, एक आढे

वर्षावासातल्या एका रविवारी सकाळी शिवाजीनगरहून लोणावळ्याची लोकल धरली. मावसबहिणीकडे दुपारी ग्रंथवाचन होते. देहूरोड आले तसे हात आपोआप जोडले गेले. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते येथे बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पुढे तळेगाव, वडगाव, कामशेत मागे पडले आणि पाऊस वाढत गेला. वेळ हाताशी होता म्हणून एक स्टेशन आधी, मळवलीला उतरून भाजे लेण्याकडे चालू लागलो.

बहुतेक लोक चैत्याच्या कमानीखाली फोटो काढून परततात. आपण बाजूच्या विहारांत थोडे बसावे. बावीसशे वर्षांपूर्वीची ही लेणी. पावसाळ्यात भिक्खू एका ठिकाणी राहत ते अशाच खोल्यांतून. प्रत्येकाला निजायला दगडी ओटा, शेजारच्या खोलीशी मधली भिंत एकच आणि डोक्यावर सगळ्यांना मिळून एक डोंगर. चैत्यातले अष्टकोनी खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी बांधकामातली रीत दगडातही तशीच ठेवली. पलीकडे कार्ल्याला तर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याचा शिलालेख आहे. राजांची नावे पाठ करणाऱ्या आपल्या मुलांना हेही नाव सांगावे.

दुपारी लोणावळ्यात पोहोचलो. बहिणीचे आणि शेजाऱ्यांचे घर लागून आहे. मधली भिंत सामाईक, मातीत रचलेल्या विटांची. पूर्वी दोन्ही घरांना वेगळे दुपाखी छप्पर होते आणि दोघांचे एकेक पाखे या भिंतीकडे उतरायचे. मधे पत्र्याची पन्हळ. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारे हे गाव! पन्हळीत पाला अडकला की पाणी थेट भिंतीत. ती साफ कोणी करायची यावरून दोन घरांत चार वर्षे बोलणे बंद होते. वंदनेला एकाच विहारात बसायचे, पण तोंडे फिरवून. लिहिताना लाज वाटते, पण आपल्या वस्त्यांत हे घडते.

मुले मोठी झाली तसा दोघांनाही अभ्यासासाठी पोटमाळा हवा झाला. योगायोगाने मिस्त्री एकच निघाला. तो म्हणाला, "वेगवेगळे माळे काढाल तर दोन्हीकडच्या तुळया याच भिंतीत घुसतील. ती टिकायची नाही. पन्हळही आहे तिथेच राहील. त्यापेक्षा दोघांचे मिळून एकच छप्पर करा, आढे बरोबर भिंतीवर घ्या."

म्हणजे पाणी भिंतीकडे येणारच नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या बोळात पडेल. शिवाय आढ्याखाली उंची सर्वांत जास्त, तिथे माणूस ताठ उभा राहतो. भिंतीवर भार नको म्हणून दोन्हीकडे वेगळ्या पायावर लोखंडी खांब उभे केले. इंजिनिअरकडून नकाशा काढून घेतला, नगर परिषदेची परवानगी काढली.

कागद करायला मला बोलावले. बहीण म्हणाली, "दादा, आता कुठे बोलणे सुरू झालेय. लगेच करार कशाला?" मी ऐकले नाही. कारकुनाची खोड म्हणा. भिंत दोघांची, एकाने परस्पर तिला हात लावायचा नाही, पत्र्यांचा खर्च निम्मा-निम्मा, घर विकले तर घेणाऱ्यालाही हेच लागू, असे लिहून रीतसर नोंदणी केली. आज भांडण नाही म्हणूनच आज लिहिणे सोपे गेले.

माळ्यावर मधल्या भिंतीत एक दार ठेवले आहे, कडी दोन्ही बाजूंनी. त्या दुपारी ते उघडे होते. शेजारीण उंबऱ्यातच बसून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचत होती, म्हणजे दोन्ही माळ्यांवर ऐकू जावे. पत्र्यावर पाऊस इतका की तिला मधूनमधून थांबावे लागे. मी हळूच भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी होती.

वाचन झाले, चहा आला. मी पिशवी उचलली तोच शेजाऱ्यांची बारावीतली मुलगी ताळेबंदाचे गणित घेऊन समोर बसली. दोन्ही बाजू काही केल्या जुळत नव्हत्या. संध्याकाळची लोकल चुकली.