झेटरचा ठोका

पुणे, चैत्र वद्य पंचमी

चि. बाळू यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, झेटर भंगारात घालतोय. तेव्हापासून माझं मन रानातच आहे. तुला अडवायला लिहीत नाही. झेटर जिथे तयार झाला, तो एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं २०१६ साली ठरलं. सुट्या भागांसाठी तुझी किती वणवण होते, ते मला ठाऊक आहे. पण झेटर दारातून जाण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे.

आजोबांची नांगरट किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला सहा बैल जुंपून व्हायची. अण्णांनी झेटर आणला, तो २५११. झेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने पिंजोरात १९७१ पासून तयार होणारा, २५ अश्वशक्तीचा. तू तेव्हा पाळण्यात होतास. मी मडगार्डवर बसायचे. उजवी चाकं आधीच्या तासात चालायची, म्हणून अख्खा ट्रॅक्टर उजवीकडे कललेला असायचा. अण्णांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा लिफ्टच्या दांड्यावर, मान मागे वळलेली. फाळावरून माती उलटली की हराळीच्या पांढऱ्या काश्या उघड्या पडायच्या आणि उन्हात वाळून जायच्या. मागून बगळे हुमणीच्या अळ्या टिपत यायचे.

पण अण्णा कानांनी नांगरायचे. इंजिन दोन सिलिंडरचं, त्याचा ठोका न ठोका सुटा ऐकू यायचा. नदीकडच्या मळीत तो एका लयीत पडायचा. विहिरीकडच्या कोपऱ्यात आलं की जड व्हायचा आणि अण्णा दांडा बोटभर उचलायचे. एका उन्हाळ्यात तिथंच ते खाली उतरले. ढेकूळ हातात घेतलं. दोन्ही हातांनी दाबूनही ते फुटेना. म्हणाले, "पोरी, गेल्या साली हितं एवढं ओढत नव्हतं. रान चोपण व्हायला लागलंय." वर क्षाराचा पांढरा थर अजून दिसतही नव्हता. त्याच साली त्यांनी उसाचं मोकाट पाणी आवरलं, खालच्या बांधाला चर खणला, ताग पेरून गाडला. शेजारची रानं पुढे पांढरी पडली. आपल्या कोपऱ्यात तू आजही ऊस घेतोस.

तुझा नवा ट्रॅक्टर दुप्पट ताकदीचा आहे. तो घ्यायलाच हवा होता. पण तो त्या कोपऱ्यातूनही सरळ निघून जातो, रान घट्ट झाल्याचं त्याच्या आवाजात येत नाही. म्हणून एवढं कर. अक्षय्यतृतीयेच्या आत विहिरीकडचं तेवढं रान झेटरने नांगर. तुझ्या मुलाला बांधावर उभा कर आणि ठोका कुठे जड होतो ते त्याला ओळखायला सांग. तो सांगेल तिथे खुंटी ठोक.

मग झेटर जाऊ दे. त्या खुंट्या मात्र काढू नकोस.

तुझी,
अक्का