भार कशावर?

काळा घोड्याला जायचं ते जहांगीर आर्ट गॅलरीसाठी, असं आपलं ठरलेलं. मला मात्र जास्त ओढ वाटते ती जवळच्याच एस्प्लनेड मॅन्शनची. मूळचं नाव वॉटसन्स हॉटेल.

गंमत अशी, की ही इमारत मुंबईत 'बांधली' म्हणण्यापेक्षा 'जोडली' म्हणायला हवं. जॉन वॉटसन नावाच्या व्यापाऱ्याने 1860च्या दशकात तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून घेतला, सुटे भाग जहाजाने आणले आणि इथे उभे केले. डिझाईन रोलंड मेसन ऑर्डिशचं. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छतातही त्याचा हात होता.

सगळा भार खांब आणि तुळयांवर, भिंती फक्त आडोशाला. आमच्या हिवरा आश्रमकडच्या (ता. मेहकर, जि. बुलडाणा) जुन्या धाब्याच्या घरांचंही तेच. पावसाळ्यात मातीची भिंत बसली तरी लाकडी खांबांवरचं छत जागेवर!

भिंतींवर भार नाही म्हणजे आत हवे ते बदल करा. 7 जुलै 1896 रोजी भारतात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो इथेच. पुढे हॉटेल बंद पडलं. मग पार्टिशनं पडत गेली आणि घरं, दुकानं, वकिलांच्या कचेऱ्या.. सगळं त्याच सांगाड्यात मावलं. इमारत कोणालाच 'नाही' म्हणाली नाही.

आणि तिथेच घात झाला. जो तो आपल्या पार्टिशनपुरता बघणार. खांब कोणाचे? सगळ्यांचे, म्हणजे कोणाचेच नाहीत. जुन्या कोडबेसवर काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त इथे क्रॅश म्हणजे माणसाचा जीव. 2005 मध्ये बाल्कनीचा भाग कोसळून एकजण गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या 2006च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं, तरी दुखणं तसंच राहिलं. 2019 मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, वास्तुजतनवाल्यांनी विरोध केला आणि कोर्टाच्या आदेशाने राहणाऱ्यांना बाहेर पडावं लागलं.

माझं मत विचाराल तर पाडू नये. पार्टिशनं खुशाल काढा, कुजलेला भाग बदला, पण सांगाडा ठेवा. मात्र एक अट: खांबांची जबाबदारी कोणाची, ते आधी कागदावर यायला हवं. नाहीतर पुन्हा नुसता रंगच लागेल.

तुम्हाला काय वाटतं?