पायपेटीवरचा क्लेमेंटी

नोकरीनिमित्त श्रीपुरास मुक्काम हलविला तेव्हा पुण्यात पियानोवर शिकलेला मुझिओ क्लेमेंटीचा एक सोनाटिना माझ्या बोटांत होता; परंतु १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापिलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्यामुळे नावारूपास आलेल्या त्या उसाच्या मुलखात पियानो कोठून मिळणार? मिळाली ती एक जुनी पायपेटी, आणि भाता पायांच्या स्वाधीन असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात, एवढ्या एकाच गुणावर मी तिला पियानोच्या जागी हंगामी नेमणूक दिली.

क्लेमेंटीचे असे सहा सोनाटिना लंडनमध्ये १७९७ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यासाठी आखूड केलेला सोनाटा तो सोनाटिना. पण आखूड म्हणजे पोरकट नव्हे. त्यांतील पहिल्या, म्हणजे माझ्या बोटांतल्या, सोनाटिनाच्या आरंभीच्या भागात, अवघ्या ३८ खंडांच्या अवकाशात, षड्जावरून निघालेली चाल पंचमालाच षड्ज मानून स्थिरावते, मग कोमल गंधाराने क्षणभर काळवंडते, आणि परतते ती एक सप्तक खाली उतरून. तानपुऱ्याच्या अचल षड्जावर वाढलेल्या माझ्या कानांना हे स्थलांतर प्रथम बेकायदाच वाटले होते.

मधल्या संथ भागाने मात्र पायपेटीची झडती घेतली. पियानोचा स्वर उमटताच विरू लागतो आणि बोटाच्या भाराप्रमाणे लहानमोठा होतो, म्हणून डाव्या हातातील तीन-तीन स्वरांच्या लडी दबक्या ठेवून उजव्या हातातील गाणे वर काढता येते. पेटीला हा तरतमभाव ठाऊक नाही. भात्याचा दाब सर्व स्वरांना सारखा, आणि बोट उचलीपर्यंत आवाज कायम. साथ गाण्याच्या डोक्यावर बसली. अखेर प्रत्येक लडीतला एकच स्वर ठेवून बाकीचे मी खुशाल गाळले. पंडितांनी त्यास अपहार म्हणावे, मला तो जमाखर्चाचा मेळ वाटला.

शेवटचा भाग द्रुत, तीन मात्रांचा. गळीत हंगामातल्या एका रात्री शेजारच्या भजनी मंडळातील बुवा तबला घेऊन आले आणि दोन खंडांचे एक आवर्तन करून त्यांनी त्यावर असा चपखल दादरा धरला की भोंगा होऊन कारखान्यातील पाळी बदलली तरी आमची चालूच राहिली. अंतिम स्वर वाजताच बुवांचे हात हवेतच थांबले.

"साहेब, तिहाई कुठं हाय?"

"लिहिलेली नाही, बुवा."

"मग आपण घालू की," म्हणून त्यांनी शेवटचा तुकडा माझ्याकडून तीनदा घेववला.