रिकामी पुंगळी

आमचे मामू केपटाऊनला असतात. कोकणी मुसलमानांची घरे तिकडे जुनीच. गेल्या वर्षी आम्ही दोघे भाऊ त्यांच्याकडे गेलो. मामूंना लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद. तिथे परवानाधारकाला आपल्या बंदुकीपुरती काडतुसे भरता येतात. इशाची नमाज झाली की मामू टेबलावर पितळी पुंगळ्या मांडून बसत.

पुंगळीच्या बुडाशी टोपीचे घर असते. बार उडाला की त्यात काजळी धरते. ती खरवडली नाही तर नवी टोपी तळाला टेकत नाही आणि पिनीचा घाव तिला आत ढकलण्यातच खर्ची पडतो. घरांची खोली कमीजास्त असली तर ठिणगीही कमीजास्त. म्हणून मामू छोट्या पात्याने प्रत्येक घराचा तळ सपाट, एकाच खोलीचा करीत. आपल्या स्वप्नील कुसळेंनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते पॉइंट बावीसच्या रायफलीवर. त्या काडतुसाचा मसाला बुडाच्या कडेतच असतो. त्याला असे घर नसते, म्हणून ते पुन्हा भरतही नाहीत.

‘हे तर अब्बांचेच काम,’ आम्ही म्हणालो. ज्या कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी बनायची, तिथेच अब्बा एका लहानशा कारखान्यात लेथवर होते. पितळी बुशात केसाएवढा फरक राहिला तरी पुन्हा लावायला सांगत.

निघताना मामूंनी एक लखलखीत पुंगळी आमच्या हातावर ठेवली. ‘अब्बांना दाखवा.’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. १९९३ च्या जानेवारीत झडतीला आलेल्यांनी अब्बांची पेटी फरशीवर ओतली होती. एकेक बुश उचलून ‘हे काय?’ विचारले. अब्बा उत्तरे देत राहिले. अम्मीच्या हातातली तसबीह थांबली होती. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचा भागही दारूगोळ्यातच मोडतो. पण कायदा आम्हाला नंतर आठवला. आधी ती फरशी आठवली.

‘मामू, ही इथेच राहू द्या.’

मामूंनी कारण विचारले नाही. पुंगळी परत डब्यात ठेवली.

कुर्ल्याला आल्यावर अब्बांना सगळे सांगितले. पुंगळी का आणली नाही, हे त्यांनीही विचारले नाही. चहाचा कप खाली ठेवून एवढेच म्हणाले, ‘घराची खोली किती होती?’

आम्ही अंगठ्याच्या नखावर बोट ठेवून दाखवली. अब्बा बराच वेळ त्या नखाकडे पाहत राहिले.