मुक्ताबाईंचं सांगणं

आढावा बैठकीच्या आदल्या रात्री तालुक्यातल्या कचेऱ्यांमध्ये उशिरापर्यंत जाग असते. तक्ते जुळवायचे, स्लाइड वाढवायच्या, साहेब काय विचारतील याचा अंदाज बांधायचा. ती धाकधूक मी जवळून पाहिली आहे. मोठ्या खुर्चीसमोर उभं राहिलं की पाठ असलेलंही घशाशी अडकतं. अशा वेळी मला जामखेडच्या मुक्ताबाई पोळ आठवतात.

1988 साली वॉशिंग्टनमधल्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत ही ग्रामआरोग्य सेविका बोलायला उभी राहिली. समोर जगभरातले तज्ज्ञ, डोक्यावर लखलखती झुंबरं. मुक्ताबाईंनी ती झुंबरंच विषयात घेतली. डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर, पण महाग आणि हाती न येणारे, अशा अर्थाचं त्या बोलल्या. मग पिशवीतून वातीचे दोन साधे दिवे काढले. एक पेटवला, त्यावरून दुसरा. आम्ही या दिव्यांसारख्या, एकीनं दुसरीला उजळायचं. सभागृह उभं राहिलं.

मला या प्रसंगातलं धाडस तर भावतंच, पण त्याहून त्याची बांधणी भावते. खर्च किती, पोहोच कुठवर, काम वाढवायचं कसं, धोरण ठरवणाऱ्यांना हवं ते सगळं त्यात आहे. आकड्यांचा भार मात्र कुठेही नाही.

हे बोलणं घडवलं जामखेडनं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्यानं 1970 मध्ये तिथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला राजी होईनात, तेव्हा गावानंच निवडलेल्या बायकांना तयार करायचं ठरलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या. नाव विचारलं तर गाव सांगायच्या, जात सांगायच्या. स्वतःचं नाव उच्चारायचीच सवय नव्हती. म्हणून आधी तेच, नाव मोठ्यानं सांगणं. गोळ्या-औषधांचं नंतर. प्रशिक्षणाला आल्या की वेगवेगळ्या जातींच्या बाया एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. माझ्या मते मुक्ताबाईंच्या भाषणाची सुरुवात त्या पांघरुणाखाली झाली. शेजारणीसमोर दबणं सुटल्याशिवाय साहेबासमोरचं दबणं सुटत नाही.

पुढं घरोघरी फिरणं. जुलाबानं कोमेजलेल्या पोराचं पाणी तोडू नका, उलट त्याला साखर-मिठाचं पाणी पाजा, हे सासूला पटवायचं. सासूइतका कठीण वरिष्ठ कोणत्या मंत्रालयात भेटणार? तिथं लांबण लावली तर ती उठून चुलीकडे जाते. पहिल्या दोन वाक्यांत मुद्दा यावा लागतो, आणि ‘तुला काय ठाऊक?’ या प्रश्नाला शेजारच्या आळीतल्या बऱ्या झालेल्या पोराचं नाव सांगावं लागतं.

आधी आपल्या माणसांसमोर मांडायची हीच रीत जामखेडच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावातही दिसते. तिथं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. पाऊस किती झाला, पाणी किती उरलं, कोणतं पीक परवडेल. गावानं भर सभेत उलटतपासणी करून मान्य केलेला हिशोब पाहुण्या अधिकाऱ्यासमोर मांडताना कुणाचा आवाज कशाला कापेल?

म्हणून बैठकीची तयारी करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी स्लाइडबद्दल शेवटी विचारते. आधी विचारते, हे त्या गावातल्या कुणाला सांगून पाहिलंस? त्यांनी काय विचारलं? बहुतेकदा साहेबही तेच विचारतात.