नाडी ओवायचा ब्रश

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द कानावर पडले की मला शाळांच्या प्रदर्शनातलं आइस्क्रीमच्या काड्यांचं झुंबर आठवतं. त्यात दिवा कधी लागत नाही, आणि प्रदर्शन आटोपलं की ते माळ्यावर जातं. म्हणजे टाकाऊतून टाकाऊच, वर डिंक आणि टिकल्या वाया. शिवणाच्या डब्यात असले लाड चालत नाहीत. तिथे वस्तू गोजिरवाणी आहे का, याला किंमत नसते. ती ऐन वेळी हाताला येते का, एवढंच बघायचं.

दाताचा जुना ब्रश घ्या. दांड्याच्या टोकाला भोक असलेला. हल्ली तसे कमी दिसतात, म्हणून आमच्या घरात तो कुणाला फेकू देत नाही. डोक्याचा भाग कापून टाकायचा, कापलेली कड खडबडीत दगडावर घासून गोल करायची, की झालं. नाडीचं टोक भोकात बांधायचं आणि दांडा परकराच्या नेफ्यात सारायचा. सेफ्टीपिन नेमकी निम्म्या वाटेत उघडते, कापडात रुतते आणि मग धड पुढेही येत नाही, मागेही जात नाही. दांडा लांब आणि बोथट असतो. बाहेरून बोटांनी चाचपत, नेफ्याला चुण्या पाडत तो पुढे ढकलायचा, चुण्या मागे ओढायच्या, पुन्हा ढकलायचा. दोन मिनिटांत नाडी पलीकडून डोकं काढते.

अंगाच्या साबणाची झिजलेली चिपटी हीसुद्धा अशीच मोलाची. न्हाणीघरात ती हातातून निसटते, पण वाळवून घेतली की गडद कापडावर तिची रेघ खडूपेक्षा बारीक उठते आणि पहिल्याच धुण्यात जाते. रेशमावर मात्र ती फिरवू नये, आणि आखलेल्या रेघेवर इस्त्री तर मुळीच नको. जीन्सची मोहरी दुमडताना सुई अडत असेल, तर तिचं टोक याच चिपटीत एकदा खुपसून काढावं. लोण्यातून गेल्यासारखी जाते. तशी खुपसून ठेवून विसरलं मात्र, तर साबण ओल ओढतो आणि सुई गंजते.

गंज हाच या सगळ्या खटाटोपातला खरा वैरी, निदान समुद्रालगत राहणाऱ्यांचा. पावसाळ्याचे चार महिने टाचण्यांची उशी कशाने भरली आहे, यावर सुयांचं आयुष्य ठरतं. कापूस हाताशी असतो म्हणून सगळ्या तोच कोंबतात, पण तो दमट होतो. तांदूळ भरले तर पोरकिडे आलेच. जुन्या बायका यात गुंतवळ भरायच्या. विंचरताना फणीत आलेले केस, तेल मुरलेले. सुई आत-बाहेर करताना तिला ते तेल आपोआप लागायचं. हेच गुंतवळ देऊन दारावर फुगे मिळायचे, त्यामुळे उशीच्या वाट्याला किती येईल हे घरातल्या पोरांवर अवलंबून असे. आता केस गोळा करायला कुणी राजी नाही. मी उसवलेल्या स्वेटरची लोकर बारीक कातरून ठासून भरते. ठासून म्हणजे अगदी दगडासारखी. सैल उशीत टाचणी आडवी होऊन गडप होते आणि नंतर तळहाताला सापडते. तळाला बरणीचं झाकण बसवायचं, म्हणजे मांडीवर ठेवली तरी टोक आरपार येत नाही. वर खणाच्या पोलक्यातून, मुंढा कापताना निघालेला तुकडा. या एका ठिकाणी मी नटवेपणाला माफी देते, कारण इरकली काठ असलेली उशी डब्यात लगेच सापडते.

सुयांसाठी छोटी वही करावी. लग्नपत्रिकांचा जाड कागद पुठ्ठ्याला उत्तम. लग्न मोडलं तरी तो मोडत नाही. पानं जुन्या लोकरी कोटाच्या कापडाची. हातसुया आणि मशीनच्या सुया वेगळ्या पानांवर हव्यात, कारण त्यांच्या नंबरांचा हिशेब उलटा आहे. हातसुईचा नंबर चढला की सुई बारीक होते, मशीनच्या सुईचा चढला की जाड. मशीनची ११ नंबरची पाऊण मिलिमीटर, १६ नंबरची १ मिलिमीटर. वापरलेल्या सुईवरचा नंबर भिंगातूनही धड वाचता येत नाही, म्हणून पानाच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने आकडाच भरून टाकावा. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी डब्यात टाकली की आषाढाची धास्ती कमी होते. बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक सांडलेल्या टाचण्या गोळा करतं. त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

अशी एक वही मी होस्टेलला निघालेल्या भाचीला दिली. सुई-दोरा, चार बटणं, दोन हूक, सगळं नीट लावून. दिवाळीला आली तेव्हा उघडून पाहिली. हातसुयांच्या पानावर मोबाइलचं सिमकार्ड काढायच्या पिना ओळीने खोचलेल्या होत्या, मैत्रिणींच्यासुद्धा. “मावशी, हे भारी आहे, एकही हरवत नाही,” म्हणाली. मग कुर्त्याची उसवलेली बाही माझ्यापुढे केली. मी शिवून दिली आणि त्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटा मोबाइल भरून दिला.