कडेचं तापमान

ध्वनीने गाठ तापवून मारण्याच्या उपचाराची चाचणी घेताना आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या ऊतींची जागा पॉलिअक्रिलामाइडचं पारदर्शक जेल घेतं. त्यात गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन मिसळलेलं असतं. ते बनवताना हातमोजे काढायचे नाहीत, कारण न गोठलेलं अक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक असतं. साचा बर्फात ठेवायचा, नाहीतर गोठताना सुटणाऱ्या उष्णतेने अल्ब्युमिन आधीच पांढरं पडायचं. हवा तर पंपाने पूर्ण काढावीच लागते. वाटेत बुडबुडा राहिला की ध्वनी तिथूनच परत फिरतो.

मग एक मेगाहर्ट्झचा ध्वनी एका जागी एकवटायचा. काही सेकंदांत जेलच्या पोटात लांबट पांढरा डाग उमटतो, उकडलेल्या अंड्यासारखा, आणि आजूबाजूचं जेल काचेसारखं स्वच्छ राहतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हरखून गेले होते. पण तो डाग ‘इथे साठ-सत्तर अंश ओलांडले’ एवढंच सांगतो. कडेला काय झालं ते सांगत नाही, आणि गाठीशेजारची नस किंवा आतडं असतं ते कडेलाच.

सापारेटो आणि ड्यूई यांनी १९८४ मध्ये मांडलेला हिशोब आम्ही आजही वापरतो. ४३ अंशांना २४० मिनिटं म्हणजे ऊती मेल्या, असं साधारणपणे धरतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो. ५० अंशांना दोन मिनिटंही लागत नाहीत, ५६ अंशांना जेमतेम दोन सेकंद. म्हणजे मापात एका अंशाचा फरक पडला, की मात्रा दुप्पट किंवा निम्मी.

आणि मापणारी तारच मापात ढवळाढवळ करते! थर्मोकपलची बारीक तार ध्वनीच्या झोतात आली की तिच्याभोवतीच्या घर्षणाने जास्तीची उष्णता तयार होते. ध्वनी बंद केल्याक्षणी जे तापमान धाडकन कोसळतं ते तारेचं, सावकाश उतरतं ते जेलचं. आलेखातला तो कोपरा ओळखणं मला या कामातलं सर्वांत मोलाचं कसब वाटतं.

रुग्णाच्या शरीरात तार खुपसता येत नाही, तिथे एमआरआय लागतो. तापलेल्या पाण्यातल्या प्रोटॉनची वारंवारता दर अंशाला दशलक्षात सुमारे ०.०१ भागाने घटते, त्यावरून तापमानाचा नकाशा काढतात. हात थरथरण्याच्या विकारावर अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या ध्वनीच्या उपचारात याच नकाशावर डॉक्टरांची नजर असते. आधी हलकं तापवून जागा बरोबर आहे ना हे पाहतात, रुग्ण जागाच असतो, आणि मगच ५५-६० अंशांकडे जातात.

चरबीत मात्र ही युक्ती चालत नाही, तिचे प्रोटॉन तापमानाला तसा प्रतिसाद देत नाहीत. स्तनातली गाठ तर चरबीनेच वेढलेली असते. म्हणून सध्या मी जेलला चिकटून चरबीचा थर ठेवते, त्याच्या टी-टू या एमआरआयच्या मापावरून तापमान काढते आणि फायबर ऑप्टिक संवेदकाशी ताडून बघते. दोन्ही आकड्यांत अजून एक-दोन अंशांचं अंतर येतं. कडेवर एवढं अंतर परवडणारं नाही.